विजेच्या दहा विषयांची कुळकथा

परीक्षा हा विषय व्याख्यानमालेस शोभेल काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते; परीक्षा ही विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी आपसांत निस्तरावयाची गोष्ट. परंतु बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील किती घरांत आज अभियांत्रिकीची पदवी घेतलेला किंवा घेत असलेला मुलगा अथवा मुलगी आहे, हे ज्याने त्याने आपल्याच आळीत मोजून पाहावे. विद्या प्रतिष्ठान ही संस्था बारामतीत १९७२ साली स्थापन झाली आणि तिचे अभियांत्रिकी महाविद्यालय २००० साली निघाले. त्यापूर्वी अभियंता व्हावयाचे तर अनेकांना पुणे, सांगली किंवा मुंबई गाठावी लागे. आता महाविद्यालय दाराशी आले, आणि त्याबरोबर एक आखूड इंग्रजी शब्दही घरोघर आला. तो शब्द म्हणजे 'गेट'.

ज्यांच्या घरी हा शब्द अद्याप पोहोचला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि देशातील काही आयआयटी मिळून ही परीक्षा घेतात. तिचा आरंभ १९८० नंतरच्या दशकातला. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी योग्य विद्यार्थी निवडावे, हा तिचा मूळ हेतू होता. पुढे वीजनिर्मिती व वीजवहन करणारे काही सार्वजनिक उपक्रमही याच गुणांवर उमेदवारांस बोलावू लागले, आणि परीक्षेचे महत्त्व दुणावले. वेळ तीन तास, प्रश्न ६५, गुण १००. त्यांपैकी १५ गुण सर्वसामान्य आकलनाचे, सुमारे १३ गणिताचे आणि उरलेले शाखेच्या विषयांचे. चार पर्यायांतून एक निवडावयाचा प्रश्न एका गुणाचा असला आणि चुकला, तर एक-तृतीयांश गुण कापला जातो. दोन गुणांचा चुकला तर दोन-तृतीयांश. अंदाजाने ठोकून देणाऱ्याला येथे दंड आहे.

विद्युत् शाखेच्या विद्यार्थ्यासमोर जे विषय येतात ते दहा: अभियांत्रिकी गणित, विद्युत्-मंडले, ज्यांना विद्यार्थी सर्किट्स म्हणतात, विद्युत्-चुंबकीय क्षेत्रे, संकेत व प्रणाली, विद्युत् यंत्रे, वीजप्रणाली, म्हणजे पॉवर सिस्टिम, नियंत्रण प्रणाली, मापन, अॅनालॉग व डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, आणि शेवटी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. अभ्यासक्रमाच्या कागदावर हे दहा विषय एकाखाली एक असे मांडलेले असतात. विद्यार्थी तो कागद भिंतीला चिकटवतो आणि त्याला वाटते की आपल्यासमोर धान्याची दहा पोती आहेत, ती एकामागून एक पाठीवर घेऊन जिना चढावयाचा आहे. कोणी चौथ्या पोत्याशी थकतो, कोणी सातव्याशी. मग पदवीनंतरचे एक वर्ष, पुण्यातील खोलीचे भाडे, शिकवणीवर्गाची फी आणि त्यासाठी बाजूला काढलेले उसाचे बिल, हे सारे पणास लागते.

आमचे म्हणणे असे की ही दहा पोती नाहीत. हे एक कुळ आहे. यातील प्रत्येक विषय केव्हातरी, कोणाच्या तरी अडचणीतून जन्मास आला. एकाने निर्माण केलेला प्रश्न दुसऱ्याने सोडविला आणि त्यातून तिसरा निघाला. ही वंशावळ ज्याला ठाऊक आहे त्याला कशानंतर काय वाचावे हे दुसऱ्यास विचारावे लागत नाही. आणि या कुळातील बहुतेक मंडळी आपल्या दोन तालुक्यांच्या शिवारात रोज वावरत असतात. फक्त आपली त्यांच्याशी नावानिशी ओळख नसते.

आपल्या भागाचा इतिहास वीज येण्यापूर्वीपासून सुरू करावा लागतो. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले आणि त्यानंतर नीरा डावा कालवा या भागात आला. त्याच्या पाण्याने बारामती व इंदापूरचा काही भाग बागायती झाला. कालव्याचे पाणी उताराने वाहते. त्याला इंजिन लागत नाही, तार लागत नाही. त्या काळी देशाला हवे होते ते रस्ते, पूल, इमारती आणि कालवे बांधणारे लोक. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली एका लहानशा वर्गाच्या रूपाने सुरू झाले, तेही सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी मिळावे म्हणूनच. विजेचे शिक्षण मागाहून आले. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत १९११ साली पहिले विद्यार्थी दाखल झाले, तेव्हा ज्या दोन शाखांनी आरंभ झाला त्यांपैकी एक रसायनाची होती आणि दुसरी विद्युत्-तंत्राची. समाजाची गरज बदलते तसे विद्यालयातील विषय बदलतात, हा इतिहासाचा पहिला धडा.

याच सुमारास सह्याद्रीच्या माथ्यावर एक मोठे काम चालू होते. टाटांची जलविद्युत् कंपनी १९१० साली स्थापन झाली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळा-वळवणच्या परिसरात अडविलेले पाणी घाटाखाली सोडून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज निर्माण होऊ लागली. १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा ही वीजघरे झाली. भिऱ्याला पाणी पुरविणाऱ्या मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांची जमीन गेली, आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशीचा सत्याग्रह झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लोणावळ्याचे पाणी इंद्रायणीचे आणि मुळशीचे मुळेचे. दोन्ही नद्या शेवटी भीमेस मिळतात. जे पाणी भीमेने इंदापूरच्या काठावरून नेले असते ते घाट उतरून कोकणात गेले आणि त्याची वीज मुंबईत गेली. इंदापूरच्या विहिरीवर त्या काळी मोट चालत होती. विजेचे शास्त्र हे केवळ तारांचे शास्त्र नसून कोणाचे पाणी, कोणाची जमीन आणि कोणाचा उजेड यांचेही शास्त्र आहे, हे ध्यानी ठेवूनच पुढे जाऊ.

आता कुळाच्या मूळ पुरुषाकडे वळू. १८२७ साली गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने तारेतून वाहणारा प्रवाह, त्यास ढकलणारा दाब आणि तारेचा विरोध यांचा संबंध मांडला. १८४५ साली गुस्टाव्ह किर्खोफ या विद्यार्थ्याने मंडलाचे दोन नियम सांगितले. तेव्हा त्याचे वय एकवीस वर्षांचे होते. एका सांध्यात जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर जातो, हा त्यांपैकी एक नियम. पाटचाऱ्यांवर पाणी वाटणाऱ्या शेतकऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. गेट परीक्षेच्या सर्किट्स या विषयाचा पाया म्हणजे हीच दोन माणसे. पहिल्या विषयात जो कच्चा राहिला तो पुढील सात-आठ विषयांत लंगडत चालतो, याचे कारण त्याची बुद्धी नव्हे, तर हा वडीलधारा विषय त्याने घाईने ओलांडला हे असते.

मापनाचा विषय तारायंत्राने वाढविला. मैलोगणती पसरलेली तार कोठेतरी तुटली किंवा जमिनीला टेकली, तर ती जागा शोधावयाची कशी? त्यासाठी विरोध अचूक मोजण्याच्या रीती हव्या होत्या. व्हीट्स्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा पूल आजही परीक्षेत विचारला जातो, तो १८४३ साली त्यांनी लोकांपुढे आणला. मूळ कल्पना १८३३ मधील, क्रिस्टी यांची. आज आपल्या घरातील मीटर बदलला की गावात कुरकुर सुरू होते. ती कुरकुर मापनशास्त्राचीच आहे: हे यंत्र खरे सांगते काय, आणि किती चुकते?

दुसऱ्या बाजूस १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखविले की बदलत्या चुंबकत्वातून वीज उत्पन्न होते. फॅरडे लहानपणी पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करीत होते. उच्च गणित त्यांना येत नव्हते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या व मनाने रेखलेल्या बलरेषांना गणिताचे रूप दिले ते जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी, १८६० नंतरच्या दशकात. पुढे ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी त्या गणिताला आजच्या सुटसुटीत रूपात आणले. हे हेव्हिसाइड कोणत्याही विद्यापीठात शिकले नव्हते. ते तारखात्यातील नोकरी सोडून घरी बसून अभ्यास करीत. विद्युत्-चुंबकीय क्षेत्रे हा विषय विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड वाटतो. ज्यांनी तो घडविला त्यांपैकी एकाला गणित येत नव्हते आणि दुसऱ्याकडे पदवी नव्हती, हे या विद्यार्थ्यांस आम्ही मुद्दाम सांगतो. मात्र यावरून अभ्यासाशिवाय चालते असा अर्थ काढू नये. दोघांनीही आयुष्य त्यात घातले होते.

यापुढची गोष्ट पैशाची आहे. १८८२ साली एडिसन यांनी न्यूयॉर्क शहरात वीजघर सुरू केले, पण त्यांची वीज एकाच दिशेने वाहणारी होती आणि ती फार दूर नेता येत नसे. कारण साधे आहे. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब दहापट केला तर तेवढीच शक्ती नेण्यास प्रवाह एक-दशांश पुरतो आणि तारेतील नासाडी शंभरपटीने घटते. म्हणून दाब वाढविणारे आणि पुन्हा उतरविणारे साधन हवे होते. बुडापेस्ट येथील तिघा अभियंत्यांनी १८८५ साली ते व्यवहार्य रूपात आणले. त्यालाच सरकारी मराठीत रोहित्र, शहरात ट्रान्स्फॉर्मर आणि आपल्या शिवारात डीपी म्हणतात. ते केवळ उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर चालते. मग अशा विजेवर फिरणारी मोटर हवी. ती फेरारिस आणि टेस्ला यांनी १८८८ साली स्वतंत्रपणे लोकांपुढे मांडली. १८९१ साली जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर अंतरावर तीन फेजची वीज नेऊन दाखविली गेली, आणि वाद मिटला. हिंदुस्थानात १९०२ साली कावेरीवरील शिवसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली, खोपोली त्यानंतरची. विद्युत् यंत्रे आणि वीजप्रणाली हे दोन विषय असे जुळ्या भावंडांसारखे जन्मले. त्यांना वेगळे करून वाचणारा दोन्हीकडे अडखळतो.

पण उलटसुलट वीज हिशेबास मोठी अवघड. दाब एका क्षणी चढतो, प्रवाह थोडा मागे राहतो. बेरीज करावयाची तरी कशी? १८९३ साली स्टाइनमेट्झ यांनी दाखविले की गणितज्ञांनी केवळ कल्पनेत वापरलेल्या संमिश्र संख्या येथे अगदी चपखल बसतात. फूरिए यांनी १८२२ साली उष्णतेचा अभ्यास करताना सांगितले होते की कितीही वेडीवाकडी लहर साध्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते. तेही विजेच्या कामी आले, आणि त्यातून पुढे संकेत व प्रणाली हा विषय उभा राहिला. १९१८ साली फॉर्टेस्क्यू यांनी तीन फेजांपैकी एकावर बिघाड झाला असता हिशेब कसा करावा याची युक्ती दिली. परीक्षेतील गणिताचे तेरा गुण हा वेगळा कर नव्हे. ते गणित विजेच्या माणसांनी गरजेपोटी दारोदार हिंडून मागून आणलेले आहे, आणि ज्या गरजेपोटी आणले ती माहीत असली की ते रुक्ष राहत नाही.

नियंत्रण प्रणाली हा विषय पाहावयाचा तर आपण गळिताच्या हंगामात साखर कारखान्यात जावे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगामुळे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, आणि उसाबरोबर साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडविणारे हातही तेथे तयार झाले. पुढे सहकारी कारखाने निघाले: बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती. उसाचे पाचट शेतात राहते, पण रस काढल्यावर उरणारे चिपाड बॉयलरमध्ये जळते. त्याच्या वाफेवर चक्र फिरते, चक्रावर जनित्र फिरते. भार अचानक कमी झाला तर चक्राने बेफाम होऊ नये आणि वाढला तर दमू नये, म्हणून वाफेची झडप आपोआप उघडमीट करणारे साधन असते. त्याला गव्हर्नर म्हणतात. जुन्या इंजिनांचे गव्हर्नर कधी कधी स्वतःच हेलकावे खात. ते का, याचा गणिती विचार मॅक्सवेल यांनीच १८६८ साली केला. १८७७ साली राउथ यांनी स्थैर्याची कसोटी दिली, १९३२ साली नायक्विस्ट यांनी दुसरी, १९४८ साली इव्हान्स यांनी आलेखाची रीत. परीक्षेच्या कागदावर ही केवळ नावे असतात. कारखान्याची अतिरिक्त वीज जाळ्यास जोडताना दाब, आवर्तन आणि फेजांचा क्रम जुळल्याखेरीज स्विच टाकता येत नाही, हे ज्याने उभे राहून पाहिले त्याला ती नावे विसरता येत नाहीत.

तसेच उजनीचे. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. इंदापूर तालुक्यातील गावेच्या गावे त्याच्या पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की दिसते. त्या धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे वीजघर आहे, आणि तेथील यंत्र उलटसुलट चालणारे आहे: पाणी खाली येताना ते जनित्र असते, पाणी वर चढवावयाचे झाले की तेच मोटर होते. यंत्रे या विषयातील पहिले तत्त्व, की मोटर आणि जनित्र हे एकाच यंत्राचे दोन व्यवहार आहेत, ते येथे बुडीत गावांच्या शेजारी उभे आहे.

कुळातील धाकटी मंडळी इलेक्ट्रॉनिक्सची. १८५४ साली बूल यांनी तर्काचे बीजगणित रचले. त्याचा विजेच्या स्विचांशी संबंध आहे हे शॅनन या तरुणाने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला. १९५७ साली थायरिस्टर आला आणि मोठ्या प्रवाहांची झडप हातात सापडली. त्यातून पॉवर इलेक्ट्रॉनिक्स निघाले. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. आज भिगवणवरून जाणाऱ्या मार्गावर २५,००० व्होल्टची उलटसुलट वीज आहे, आणि तिचे रूपांतर इंजिनाच्या पोटात होते. सौर पंपाच्या पेटीतही हेच चालते, उलट दिशेने: सूर्याची एकदिश वीज मोटरीसाठी तीन फेजची केली जाते. शेतकरी त्या पेटीला कंट्रोलर म्हणतो. गेट परीक्षेतील शेवटचा विषय त्या पेटीत बंद आहे.

आता दहाही विषय एका जागी आणून दाखवितो. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी अस्तित्वात आले. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरणासाठी केंद्राचे महामंडळ निघाले. हळूहळू मोट गेली आणि विहिरीवर, कालव्याकाठी, उजनीच्या फुगवट्यावर मोटरी बसल्या. मंडळाचे २००५ साली विभाजन झाले, पण शेतकऱ्याचे गाऱ्हाणे तेच राहिले: मोटर जळते आणि डीपी जातो. वीज रात्री-अपरात्री येते म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवितो. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी. आता हिशेब करू. पाच अश्वशक्तीची मोटर चालताना सुमारे आठ अँपिअर घेते. १०० केव्हीएचा डीपी सुमारे १३३ अँपिअर देऊ शकतो. पंधरा मोटरींचे १२० अँपिअर झाले. म्हणजे भार मावला. परंतु सुरू होतानाच्या क्षणी मोटर पाचपट प्रवाह ओढते. वीज आली आणि पंधरा ऑटो स्विच एकाच वेळी लागले, तर ६०० अँपिअरची मागणी होते. दाब कोसळतो. मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब ऐंशी टक्क्यांवर आला तर जोर चौसष्ट टक्क्यांवर येतो. मोटर वेग धरीत नाही, प्रवाह उतरत नाही, वेटोळी तापतात आणि कोणा एकाची मोटर जळते, किंवा सर्वांचा डीपी जातो. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे वीज कंपनी का सांगते ते यावरून उमगते.

या एका प्रसंगात काय नाही? प्रवाहाची बेरीज ही सर्किट्सची. डीपी व मोटर हे यंत्रांचे. लांबलेल्या तारेवर घटणारा दाब आणि कपॅसिटर हे वीजप्रणालीचे. मोटरीतील फिरते चुंबकत्व हे क्षेत्रांचे. ऑटो स्विच इलेक्ट्रॉनिक्सचा. मोटर हळुवार सुरू करणारी पेटी पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची. किती दाब आला हे सांगणारा मीटर मापनाचा. आजचा मीटर लहरीचे क्षणोक्षणी नमुने घेतो, ते संकेतांचे. दाब स्थिर राखणे हे नियंत्रणाचे, आणि या सर्वांचा हिशेब गणिताचा. ज्या मुलाने वडिलांची मोटर जळालेली पाहिली आहे, रिवाइंडिंगचे पैसे मोजलेले पाहिले आहेत, त्याच्यापाशी या दहा विषयांचे मूळ आधीपासून आहे. वाईट याचे वाटते की महाविद्यालयात गेल्यावर तो ते विसरतो.

तो का विसरतो? एक कारण भाषेचे आहे. गेटची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला विद्यार्थी 'स्लिप', 'रिअॅक्टन्स' असे शब्द प्रथम पुस्तकात पाहतो आणि त्यांना वस्तूशी न जोडता पाठ करतो. वस्तू मराठीत आणि शब्द इंग्रजीत, अशी त्याच्या डोक्यात दोन घरे होतात आणि मध्ये भिंत राहते. इंग्रजी टाळावे असे आम्ही म्हणत नाही. परीक्षेस ती हवीच. पण एखादी संज्ञा मराठीत दुसऱ्यास समजावून सांगता येईपर्यंत ती आपल्याला आली असे मानू नये, हा नियम विद्यार्थ्याने स्वतःला घालून घ्यावा.

अभ्यासाचा क्रम या कुळकथेतूनच निघतो. प्रथम सर्किट्स आणि त्याबरोबर गणित. ही दोन्ही पक्की झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. मग यंत्रे व वीजप्रणाली एकत्र. त्यानंतर संकेत व नियंत्रण, कारण या दोहोंचे गणित एकच आहे. मग मापन आणि इलेक्ट्रॉनिक्स, आणि त्यावर पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. क्षेत्रांचा विषय रोज थोडा, आरंभापासून. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेवटी ठेवण्याची चाल आहे; आमच्या मते प्रत्येक विषय संपताच त्या विषयाचे जुने प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत. चुकलेल्या प्रश्नाशेजारी, आपण कोठे चुकलो, तत्त्वात, हिशेबात की वाचण्यात, हे एका शब्दात लिहावे. दंड असलेल्या परीक्षेत आपल्याला काय येत नाही हे ओळखणाऱ्याचे गुण वाचतात.

एवढे सांगून झाल्यावर परीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तीन तासांच्या कागदावर मोटरीच्या वासावरून वेटोळे तापले हे ओळखणारा वायरमन उत्तीर्ण होणार नाही. आणि उत्तम गुण मिळविलेल्याला डीपीवरील पंधरा शेतकऱ्यांना एकत्र बसवून ऑटो स्विच काढावयास लावता येईलच असे नाही. जी विद्या भीमेचे पाणी घाटाखाली नेऊ शकली आणि जिच्यासाठी पळसदेवचे देऊळ पाण्यात गेले, तिच्यात किती शक्ती आहे हे या तालुक्यांनी सोसून पाहिले आहे. सोसणाऱ्यांच्या मुलांनी ती विद्या जाणती व्हावी आणि पुढचे निर्णय जेथे होतात तेथे बसावे, यासाठी ही परीक्षा एक दार आहे. दार म्हणूनच तिचा मान राखावा. देव्हारा करू नये.

आणि नगरवासीयांनी काय करावे? वाचनालयात रात्री उशिरापर्यंत एक खोली उघडी ठेवावी, दोन कपाटे चांगल्या पुस्तकांची ठेवावी, हे फार खर्चाचे काम नाही. कारखान्यातील, वीजखात्यातील निवृत्त माणसे प्रत्येक गावात आहेत; त्यांनी महिन्यातून एक रविवार मुलांना उपकेंद्राच्या कुंपणापर्यंत, कारखान्याच्या वीजघरापर्यंत न्यावे, आणि परवानगीने, सुरक्षित अंतरावरून, काय चालले आहे ते मराठीत सांगावे. शिकवणीवर्ग उत्तरे शिकवितात. प्रश्न कोठून आला हे गाव शिकवू शकते. ज्या तालुक्यांनी कालव्याचे पाणी पाळीपाळीने वाटून घेण्याची शिस्त शिकून घेतली, त्यांना ज्ञानाची पाळी लावणे जड जाऊ नये.